चेहरा ओला असतानाच

सत्तावन्नाव्या वर्षी मी तोंडाला क्रीम लावायला सुरुवात केली. त्याआधी माझ्या तोंडाला पाणी, साबण आणि दाढीचा फेस यापलीकडे काही लागलेलं नव्हतं, आणि मला त्याचा थोडा अभिमानही होता. बायको आरशासमोर हातावर काहीबाही चोळत बसली की मी पेपरामागून म्हणायचो, एवढ्या वेळात घराला रंग देऊन झाला असता. पुढे तीच बायको पेपर वाचायला लागली आणि मी आरशासमोर उभा राहायला लागलो. तिला त्याचं कारण माहीत होतं. मला तरुण दिसायची हौस नव्हती. मला फक्त माझ्या वडिलांपेक्षा लहान दिसायचं होतं.

वडील बडोद्याला प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते आणि नोकरीत असतानाच गेले. मी तेव्हा बाजव्याकडच्या एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला नुकता चिकटलो होतो. रेल्वेचं क्वार्टर सोडावं लागलं, मग भाड्याची घरं झाली, मग मांजलपुरातलं हे टेनामेंट, म्हणजे वर एक खोली असलेलं छोटं घर. आमच्या दिवाणखान्यात वडिलांचा शेवटच्या वर्षातला फोटो आहे. कपाळावर आडव्या आठ्या, डोळ्यांच्या कडेला जाळं, गालांवर उभ्या रेघा, आणि एकूण चेहरा दोरीवर चार दिवस विसरलेल्या टॉवेलसारखा. आमच्या घराण्यात टक्कल नाही, मधुमेह नाही, जमीनजुमला तर नाहीच. वारशात मिळाली ती ही कोरडी कातडी. बडोद्याची हवा तिला उन्हाळ्यात भाजते आणि हिवाळ्यात फोडते, आणि मधले चार महिने घामाने ओली असली तरी आतून ती तशीच असते.

आई ब्याऐंशी वर्षांची. गेल्या दोन-तीन वर्षांत तिला नवीन काही लक्षात राहीनासं झालं आणि जुनं काही जाईना. आधी गॅस बंद करायचं विसरायची, मग वार, मग शेजाऱ्यांची नावं. मी यादीत कधी येईन याचा विचार मी करत नव्हतो, कारण मी रोज समोर असायचो. रोज समोर असणाऱ्याला माणूस कसा विसरेल, असं मला वाटायचं.

गेल्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी मी कंपनीतून घरी आलो. आई झोपाळ्यावर बसली होती. मला बघून ती उठून उभी राहिली. माझी आई आयुष्यात माझ्यासाठी कधी उठून उभी राहिलेली नाही. तिने डोक्यावरून पदर घेतला, आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला, तो माझ्याजवळ ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "अहो, आज उशीर झाला."

मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

त्या दिवसापासून घरात दोन बायका मला अहो म्हणायला लागल्या. एक स्वयंपाकघरातून, एक झोपाळ्यावरून. मी दोन्हीकडे ओ द्यायचो. आई माझ्याआधी जेवेना. पाहुणे आले की माझ्यासमोर बसेना. माझी चप्पल नीट लावून ठेवायला लागली. कोणाला वाटेल, काय वाईट आहे यात, पण मला ते फार लागलं. गेली पन्नास वर्षं मी त्या बाईची बोलणी खात होतो. शर्ट कसला घातलायस, पोट किती सुटलंय, उन्हातून आल्याआल्या पाणी पिऊ नकोस, तुला कधी अक्कल येणार. कंपनीत माझ्या हाताखाली लोक होते आणि घरी मला रोज अक्कल नव्हती. आता अचानक आईला माझ्यात एकही दोष दिसेना. मला रागावणारं जगात कोणी उरलं नाही, आणि त्याने माणूस किती एकटा पडतो हे मी कोणाला सांगणार होतो.

बायकोचं त्याहून अवघड झालं. तिचं माहेर नागरवाड्यातलं, शिक्षकांचं. तिकडे अजूनही लोक तिच्या आजोबांचं नाव काढतात. या घरात तीस वर्षं सून म्हणून राहिल्यावर एके दिवशी सासूने मला बाजूला घेऊन विचारलं, "ही बाई रोज येते?"

"हो," मी म्हणालो.

"स्वयंपाक बरा करते. पण रात्र झाली तरी घरी जात नाही ती."

बायकोने ते दाराआडून ऐकलं. ती मला नंतर म्हणाली, "मी पोळ्यावाली म्हणून राहीन, माझं काही जात नाही. पण तुमच्या शेजारी बसले की त्या ज्या नजरेने माझ्याकडे बघतात ना, ते मला झेपत नाही." मग ती संध्याकाळी वरच्या खोलीत जाऊन बसायला लागली. स्वतःच्या घरात ती जिन्याच्या पायरीवर थांबून आधी कानोसा घ्यायची आणि मग खाली यायची.

मी सरळ सांगून पाहिलं, "आई, मी तुझा मुलगा." आई लाजली. म्हणाली, "काहीतरीच काय बोलता. पोराने ऐकलं तर?" मी फोटो काढून तिच्या हातात दिला. हे बाबा, हा मी, बघ. तिने फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा फोटो बघितला आणि म्हणाली, "छान आलाय तुमचा." मी मिशी वाढवली, कारण वडिलांना मिशी नव्हती. आठवडाभर तिने सहन केलं आणि मग म्हणाली, काढा ती, तुम्हाला शोभत नाही. बायकोचंही तेच मत पडलं, म्हणून काढली.

मग मी दाढीचा आरसा घेऊन फोटोसमोर उभा राहिलो आणि मेंटेनन्सच्या माणसाने करावी तशी तपासणी केली. केस त्यांचे शेवटपर्यंत काळे होते, माझेही आहेत. नाक तेच. उंची बैठकीत कळत नाही. फरक करायला जागा होती ती फक्त कातडीत. रेघेला रेघ जुळत होती. मला दोनच रस्ते दिसत होते. एक म्हणजे थांबायचं. वडील ज्या वयात गेले त्याच्या पुढे मी गेलो की माझा चेहरा आईने कधीच न पाहिलेला होईल. पण मग मी तिचा कोणीच नसेन. दुसरा म्हणजे मागे यायचं, मुलाच्या वयाकडे जितकं येता येईल तितकं.

अलकापुरीत एका कातडीच्या डॉक्टरकडे गेलो. बाहेर लग्न ठरलेल्या मुली आणि मुरुमांची कॉलेजची पोरं बसली होती. त्यांनी मला जागा करून दिली. डॉक्टर माझी मुलगी शोभेल अशा वयाची होती.

"बोलो काका, शुं तकलीफ छे?"

"मारे मारा बाप जेवुं नथी देखावुं," मी म्हणालो. बापासारखं दिसायचं नाही, याहून कमी शब्दांत मला ती तकलीफ सांगता येत नव्हती.

तिने पेन खाली ठेवलं. मग मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि हसली नाही, म्हणून मला ती आवडली. भिंगातून माझा गाल बघत ती म्हणाली, खोल सुरकुत्या जाणार नाहीत, त्या वयाच्या आणि उन्हाच्या आहेत. पण यातल्या बऱ्याच बारीक रेघा नुसत्या कोरडेपणाच्या आहेत. कातडीतलं पाणी उडून जातं म्हणून त्या उठून दिसतात. ते आत धरून ठेवलं तर चेहरा भरून येईल. मी विचारलं, पाणी जास्त पिऊ का? ती म्हणाली, पाणी पीत जा, चांगलंच आहे, पण पिंप रिकामं केलं तरी सुरकुती पुसली जात नाही. जे वरून उडतं ते वरूनच अडवावं लागतं.

हे मला लगेच पटलं. कंपनीत वाफेच्या पाइपांवर लॅगिंगची वेष्टणं घालण्यात माझी हयात गेली आहे. आतलं आत राहावं, एवढंच आमचं काम. स्वतःच्या तोंडाला हा विचार लावायचं मला कधी सुचलं नव्हतं.

नियम सोपे होते आणि ते पाळणं कठीण होतं. कडकडीत पाण्याने आंघोळ बंद. मी बादलीतून वाफा निघाल्याशिवाय आंघोळ झाली असं मानत नसे. आता कोमट पाणी, तेही थोडा वेळ. चेहऱ्याला साबण नाही, ते एक दुधासारखं काहीतरी, ज्याला फेसच येत नाही आणि त्यामुळे तोंड धुतल्यासारखं वाटत नाही. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, टिपायचं. आणि मुख्य म्हणजे क्रीम चेहरा ओला असतानाच लावायचं. वाळला की उपयोग नाही. हे तिने दोनदा सांगितलं. त्यामुळे मी न्हाणीघरातून निघून तोंडावरून पाणी गळत असतानाच कपाटाकडे धावायचो. बायको वाटेतून बाजूला व्हायची. बाहेर पडायच्या आधी उन्हाचं वेगळं क्रीम, ओठांना वेगळं, रात्री व्हॅसलीन. कंपनीच्या लॉकरमध्येही एक ट्यूब ठेवली. तिथल्या पोरांना ती सापडली आणि महिनाभर मला जो भेटेल तो लग्न कोणाचं म्हणून विचारायचा, "काका, कोनां लगन छे?"

उत्तरायणला, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीला, मी गच्चीवर छत्री घेऊन बसलो. बडोद्यात त्या दिवशी गच्चीवर छत्री घेऊन बसलेला मी एकटाच असणार. सगळं गाव तोंड वर करून भाजून घेत होतं आणि मी सावलीत उंधियू खात होतो. दुपारी कोणाचा तरी पतंग माझ्या छत्रीच्या काड्यांत येऊन अडकला आणि पलीकडच्या तीन गच्च्यांवरून लोकांनी "काप्यो छे" म्हणून थाळ्या वाजवल्या. मी छत्री मिटली नाही. खाली आई झोपाळ्यावर बसून माझी वाट बघत होती, म्हणजे त्यांची.

होळीपर्यंत फरक पडला. गालांवरच्या रेघा नाहीशा झाल्या नाहीत, पण बसल्या. डोळ्यांच्या कडेचं जाळं विरलं. डॉक्टर खूश झाली. बायकोने मला नीट बघितलं आणि "बरे दिसताय" म्हणाली, आणि एवढं ती साखरपुड्यातसुद्धा म्हणाली नव्हती.

आणि मग एका रविवारी सकाळी मी दाढी करून, सगळं लावून, आईसमोर जाऊन बसलो. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तिने डोक्यावरचा पदर मागे टाकला. तिचा चेहरा मोकळा झाला, ती हसली, आणि म्हणाली, "भाऊजी. कधी आलात?"

वडिलांना एक धाकटा भाऊ होता. भुसावळला रेल्वेतच होता. वडिलांपेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान, हुबेहूब तसाच, फक्त जरा टवटवीत. आंब्यांच्या दिवसांत दरवर्षी यायचा. त्यालाही जाऊन बरीच वर्षं झाली. मी हिशेब केला. क्रीमने आपलं काम चोख केलं होतं. मी पाच-सहा वर्षं मागे आलो होतो आणि त्या वयात आमच्या घराण्यात जो माणूस होता, त्याच्यापाशी येऊन थांबलो होतो.

"हे ड्यूटीवर गेलेत," आई म्हणाली. "बसा ने. येतीलच."

मी बसलो. स्वयंपाकघरात बायकोने तोंडाला पदर लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. पण त्या दिवसाचा खरा फायदा तिलाच झाला. ती चहा घेऊन बाहेर आली, तशी आईने तिला हाताला धरून शेजारी बसवलं. भाऊजी आले म्हणजे बरोबर ती जाऊबाई. त्या दोघी जावांचं फार सख्य होतं. आईने तिची विचारपूस केली, तिच्या केसांवरून हात फिरवला, भुसावळच्या उन्हाने किती वाळलीस म्हणाली. बायको पुन्हा संध्याकाळी खालच्या खोलीत बसायला लागली. झोपाळ्यावर त्या दोघी शेजारी शेजारी बसून मटार सोलायच्या. मी मुलगा झालो नव्हतो, पण निदान आई माझ्यासमोर बसत होती, माझी थट्टा करत होती. दिराची थट्टा करायला परवानगी असते. मला वाटलं, एवढ्यावरही भागेल.

भागलं नाही. संध्याकाळ झाली तशी आईने झोपाळ्यावरून उठून खिडकीशी खुर्ची ओढली. ताट वाढलं तर म्हणाली, हे आले की जेवेन. तिच्या काळात ती कधी नवऱ्याआधी जेवली नव्हती. त्यांची दुपारपाळी असली तर रात्रीपर्यंत तशीच बसायची. मी सांगितलं, दादाची पाळी बदलली, तू जेवून घे वहिनी. दुसऱ्या दिवशी सांगितलं, दादा बाहेरगावी गेलाय, साहेबाबरोबर. तिने विचारलं, डबा न घेता? गल्लीत स्कूटर आली, सायकलची घंटा वाजली की ती उठून उभी राहायची, पदर घ्यायची, आणि मग हळूच परत बसायची. रडली नाही, कुरकुरली नाही. पाहुण्यांसमोर ती कधीच कुरकुरत नसे, आणि आता आम्ही पाहुणे होतो.

सकाळचा चहा-बिस्किटं आणि जाऊबाईच्या आग्रहाने दुपारी दोन घास, एवढ्यावर ती राहायला लागली. ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तिची नाडी बघितली आणि मला बाहेर नेऊन म्हणाले, औषध काही नाही, खायला घाला. मी तोंडाला क्रीम लावून माझ्या बापाला घरातून घालवलं होतं, आणि माझी आई त्याच्या वाटेकडे डोळे लावून उपाशी बसली होती. त्या दिवसांत मला स्वतःचा चेहरा आरशात बघवत नव्हता. तो फार छान दिसत होता.

शेवटी बायकोच म्हणाली. आई खिडकीशी होती आणि आम्ही स्वयंपाकघरात उभे होतो. "बाबांना घरी बोलवा," ती म्हणाली.

"मग तू?"

"मी काय, पोळ्यावाली." तिने कणकेचा हात धुतला. "पोळ्या तर मलाच करायच्या आहेत."

मी ट्यूबा गोळा करून वरच्या कपाटात टाकल्या. बादलीतून पुन्हा वाफा निघायला लागल्या. तोंडाला कपड्यांचा साबण लावला. कंपनीच्या बसऐवजी भर चैत्रात स्कूटरवरून बाजव्याला जायला लागलो, आणि दुपारी काम नसताना बॉयलरजवळ उभा राहिलो. डॉक्टर मुलीची मला आठवण यायची आणि वाईट वाटायचं. पण आमची कातडी हाकेला ओ देणारी आहे. जे जमायला थंडीभर लागलं ते आठ-पंधरा दिवसांत गेलं. आधी गाल ओढायला लागले, मग रेघा आल्या, मग कपाळ आलं. हातांनाही भेगा पडल्या. तेवढे दिवस बायको आईबरोबर एका ताटात बसून, जाऊबाई म्हणून, तिला घास घास भरवत होती.

आणि मग एक दिवस मी फाटक उघडून आत आलो, तर आई खिडकीशी उठून उभी राहिली. या वेळी ती परत बसली नाही. तिने पदर घेतला आणि दारात आली.

"अहो," ती म्हणाली, "आज उशीर झाला."

"हो, जरा झाला," मी म्हणालो. "जेवलीस?"

"तुमच्याआधी कशी जेवेन?"

मी हातपाय धुऊन बसलो. तिने मला वाढलं, मग स्वतः बसली आणि जेवली. पोळी, भाजी, वरणभात, आणि पुन्हा थोडा भात. बायको दारात उभी राहून बघत होती. आत येऊन बसायची आता सोय नव्हती, पण ती तिथून हललीही नाही.

जेवण झाल्यावर आईने माझा हात हातात घेतला आणि उलटा करून बघितला. वर्कशॉपात वडील ग्रीस काढायला रॉकेलने हात धुवायचे. थंडीत ते हात उलायचे आणि त्यातून रक्त यायचं. ते घरी आले की ती दुधावरची साय घेऊन बसायची, हे मला लहानपणापासून आठवतंय. तिने दाराकडे बघून सांगितलं, "बाई, साय आहे का घरात?" बायकोने वाटी आणून दिली.

आईने माझ्या बोटांना, बोटांच्या पेरांना, मनगटापर्यंत साय चोळली. मग गालांना लावली. तिचे हात माझ्यापेक्षा कोरडे होते. साय निम्मी उरली होती तेव्हा ती थांबली आणि वाटीवर बशी झाकली.

"आणखी लाव की," मी म्हणालो.

"ही पोरासाठी ठेवते. गाल फुटलेत त्याचे. शाळेतून आला की लावीन."

बाहेर चैत्रातलं ऊन उतरत होतं. थंडी कुठेच नव्हती. "तो मोठा झालाय आता," मी म्हणालो. "त्याला काय होतंय."

आईने माझ्याकडे बघितलं. कित्येक महिन्यांत तिने माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. कपाळाला आठ्या, ओठ घट्ट. "कितीही मोठा होऊ दे," ती म्हणाली. "तुम्हाला काय कळतंय त्यातलं. अक्कल नाही कशी एवढी."

मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून बाहेर आलो, तर बायकोने फ्रिजमधून ती वाटी काढून कपाटापाशी ठेवली होती. मी चेहरा ओला असतानाच साय लावली. थोडीच लावली. संध्याकाळी मला घरी यायचं होतं.